इंटरनेट भरतं का? हो, दर सेकंदाला भरतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसात कोणी मोठी फाइल पाठवायला घेतली की एक सहकारी हटकून म्हणतो, “जरा जपून, इंटरनेट भरत आलंय.” सगळे हसतात. पण व्हिडिओ, क्लाउड आणि आता एआय, सगळंच वाढत चाललेलं पाहून तुम्हाला वाटू लागलं की हे हसण्यावारी न्यावं की नाही. एक दिवस खरंच क्षमता संपली तर?

मी २२ वर्षं नेटवर्क चालवण्याच्या कामात आहे. लिंक (दोन ठिकाणांमधली जोडणी) चोक झाली की ज्यांचा फोन वाजतो, त्यांतला मी एक. त्यामुळे या विनोदाबद्दल मला आपुलकी आहे आणि त्यामागच्या भीतीबद्दल आदरही. उत्तर आधीच सांगून टाकतो. टाकी भरते तसं इंटरनेट कधीच भरत नाही. रस्ता भरतो तसं मात्र ते कुठे ना कुठे दर सेकंदाला भरत असतं, आणि भरल्यावर कसं वागायचं हे त्याला शिकवलेलं आहे. सगळी गोम त्या शिकवणीत आहे.

आधी टाकीचं बघू. नव्वदच्या दशकात एक ईमेल जगभर फिरत असे. १ एप्रिलच्या सुमारास इंटरनेट २४ तास बंद राहणार, त्यात साठलेला कचरा काढायचा आहे, सफाई शक्तिशाली रोबो करणार आहेत, तेव्हा सगळ्यांनी आपापले संगणक नेटवरून काढून ठेवावेत, असा त्यातला मजकूर. एप्रिल फूलच तो, पण चपखल होता. कारण नेट म्हणजे मोठं भांडं आणि त्यात गाळ साचतो, हे चित्र बहुतेकांच्या मनात असतंच.

खरं चित्र काय आहे ते एका केबलवर दाखवतो. आत काचेचे बारीक धागे (फायबर) असलेली समुद्राखालची ६,००० किलोमीटर लांब केबल घ्या, साधारण अटलांटिक ओलांडेल एवढी. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे या टोकाकडून त्या टोकाला पोहोचायला ३० मिलिसेकंद. त्या केबलमधला १०० जीबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १०० गिगाबिट नेणारा, एक चॅनेल पूर्ण भरून वाहत असेल, तर कोणत्याही क्षणी काचेच्या पोटात ३ गिगाबिट, म्हणजे ३७५ एमबी डेटा असतो. अख्ख्या महासागराच्या रुंदीत एवढाच. आणि ३० मिलिसेकंदांनी तो सगळाच्या सगळा पलीकडे उतरलेला असतो. काल रात्री तुम्ही पाहिलेल्या सिनेमाचा कणही आज कुठल्या केबलमध्ये उरलेला नाही. भरतो तो तुमचा फोन, मेलबॉक्स, सर्व्हरची डिस्क. ती साठवण आहे, वाहतूक नव्हे. साठवण संपली की डिस्क वाढवायची, विषय तिथे संपतो.

रस्त्याचं तसं नाही. रस्ता भरला की जे होतं ते एकदा खरोखर झालं होतं, आणि आमच्या धंद्यात आलेल्या प्रत्येकाला ती गोष्ट माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथलंच बर्कली विद्यापीठ. दोघांतलं अंतर सुमारे ४०० यार्ड, चालत गेलं तरी पाच मिनिटं. त्यांच्यातल्या जोडणीचा वेग ३२ केबीपीएसवरून (सेकंदाला ३२ हजार बिट) घसरून सेकंदाला ४० बिटवर आला. ४० बिट म्हणजे सेकंदाला ५ अक्षरं. तार तुटलेली नव्हती, यंत्रं बिघडलेली नव्हती. दोन्हीकडचे संगणक जीव तोडून डेटा पाठवत होते, आणि तेच तर कारण होतं.

झालं असं. नेटवर डेटा छोट्या तुकड्यांत जातो, त्यांना पॅकेट म्हणतात, आणि ती मिळाल्याची पोच उलट येते. रांग वाढली म्हणून पोच उशिरा येऊ लागली. पाठवणाऱ्याला वाटलं पॅकेट हरवलं, त्याने तेच पुन्हा पाठवलं. रांग आणखी वाढली, पोच आणखी लांबली, म्हणून पुन्हा. शेवटी तारेवरून वाहत होत्या बहुतांशी एकाच मजकुराच्या प्रती. सगळा वेळ लिंक शंभर टक्के भरलेली आणि उपयोगाचं काम जवळजवळ शून्य. याला कन्जेशन कोलॅप्स म्हणतात. इंटरनेट भरून बंद पडलं असं ज्याला खऱ्या अर्थाने म्हणता येईल, ते हेच.

व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी त्यावर जो उपाय काढला तो १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नवी तार नाही, नवा राउटर (डेटाला पुढची वाट दाखवणारं यंत्र) नाही. दोन्ही टोकांच्या संगणकांना वागणूक शिकवली, एवढंच. सुरुवात हळू करा. पोच येतेय तोवर वेग वाढवत न्या. पॅकेट ड्रॉप झालं, म्हणजे वाटेत टाकून दिलं गेलं, की ती रस्ता भरल्याची खूण समजा आणि लगेच वेग निम्म्यावर आणा. मग पुन्हा हळूहळू चढा. पोच यायला किती वेळ लागेल याचा अंदाजही नीट करा, म्हणजे उगाच घाईने दुसरी प्रत जाणार नाही.

याचा अर्थ असा की तुम्ही मोठी फाइल उतरवता तेव्हा तुमचा संगणक मुद्दाम रस्ता भरेपर्यंत जातो, भरला असं कळलं की मागे सरकतो, परत पुढे जातो. क्षमता किती आहे हे त्याला कोणी सांगत नाही, भरूनच कळतं. आजच्या पद्धती थोड्या वेगळ्या आहेत. लिनक्स या संगणक-प्रणालीत डीफॉल्ट असलेली क्युबिक ही पद्धत निम्म्याऐवजी सुमारे ३० टक्के मागे येते, बीबीआर ही दुसरी पद्धत ड्रॉपची वाट न बघता पोच यायला लागणारा वेळ मोजते. पण मूळ शिकवण तीच. म्हणून तुमच्या सहकाऱ्याला सांगा की इंटरनेट भरत आलेलं नाही, ते भरतं आणि ओसरतं, याच क्षणी, अब्जावधी ठिकाणी. ती त्याची चालण्याची रीत आहे.

आता त्या विनोदाच्या वयाबद्दल. युझनेट या जुन्या चर्चा-जाळ्यावर, वेब येण्याच्या कितीतरी आधी, “नेटचा मृत्यू जवळ आल्याचं भाकीत!” हे वाक्य ठरलेली थट्टा होऊन बसलं होतं. १९८०च्या सुमारास सुरू झालेलं ते जाळं इतक्या वेगाने वाढत होतं की दर थोड्या दिवसांनी कोणीतरी हिशेब मांडून आता हे कोसळणार असं लिहायचं, आणि बाकीचे त्याला हे वाक्य ऐकवायचे. मला यातली मौज अशी वाटते की थट्टा करणारे आणि ते जाळं स्वतःच्या हातांनी वाढवत नेणारे लोक एकच होते. रात्री मोडेम बदलायचे आणि सकाळी हे वाक्य लिहायचे.

सगळ्यात गाजलेलं भाकीत बॉब मेटकाफ यांचं. संगणक तारेने जोडण्याच्या इथरनेट या पद्धतीच्या जनकांपैकी एक, म्हणजे ऐऱ्यागैऱ्या माणसाचं नव्हे. डिसेंबर १९९५ मध्ये ‘इन्फोवर्ल्ड’मधल्या सदरात त्यांनी लिहिलं की १९९६ मध्ये इंटरनेट कोसळेल. तसं झालं नाही तर आपले शब्द गिळू, असंही जाहीर केलं. ते वर्ष सरलं, इंटरनेट चालूच राहिलं. एप्रिल १९९७ मध्ये सांता क्लारा इथे वर्ल्ड वाइड वेबच्या सहाव्या परिषदेत, भरल्या सभागृहासमोर, त्यांनी तो छापील लेख मिक्सरमध्ये पाण्याबरोबर फिरवला आणि खाल्ला. लोक हसले, मीही ते वाचून हसलो होतो. पण इतक्या उघडपणे चूक मान्य करणारा तज्ज्ञ विरळा, आणि त्यांनी मांडलेल्या काळज्या पोकळ नव्हत्या. ऑगस्ट १९९६ मध्ये अमेरिका ऑनलाइनची सेवा १९ तास बंद पडलीच होती. फरक इतकाच की ते गर्दीने झालं नव्हतं. देखभालीचं काम चालू असताना चूक झाली होती. माझ्या अनुभवातही नेट मोठ्या प्रमाणावर बसतं ते बहुतेक वेळा कोणीतरी चुकीची ओळ टाकल्याने, नाहीतर कुठेतरी खोदकामात केबल तुटल्याने.

तरी लांडगा आला रे आला म्हणून सोडून देऊ नका. लांडगा एकदा खरोखर आला होता, फक्त वेगळ्या वाटेने. संपले ते पत्ते, म्हणजे नेटवरचं यंत्र ओळखण्यासाठीचे आकडे.

हे पत्ते ठरवणाऱ्या आयपी या नियमावलीच्या व्हर्जन ४ मध्ये पत्ता ३२ बिटांचा, म्हणून एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. त्यांतले कित्येक राखीव. पत्ते संपणार हे नव्वदच्या सुरुवातीलाच स्पष्ट झालं होतं, आणि त्यावरही विनोद झाले. १ एप्रिल १९९४ रोजी आरएफसी १६०६ निघाला. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्यात लिहिले जातात ती अधिकृत कागदपत्रं. त्यात भविष्यातून मागे वळून पाहत असल्याच्या थाटात ‘आयपी व्हर्जन ९’चा इतिहास सांगितलाय, जिथे पत्ते इतके मुबलक की कशालाही द्यावेत. वाचताना हसू येतं. पण घरातले दिवे आणि पंखे नेटवर्कला जोडलेले असणं आज किती साधं झालंय, हे आठवलं की तो कागद पुन्हा वाचावासा वाटतो.

३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गट पाच विभागीय संस्थांना वाटून टाकले आणि मध्यवर्ती गंगाजळी आटली. एप्रिल २०११ मध्ये आशिया-पॅसिफिकची संस्था शेवटच्या गटावर आली, सप्टेंबर २०१५ मध्ये उत्तर अमेरिकेची संपली, नोव्हेंबर २०१९ मध्ये युरोपची. पण त्या दिवशी तुमचं पान उघडायचं थांबलं नाही, कारण वेळ मारून नेण्याची सोय आधीच झाली होती: अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता. याला नॅट म्हणतात, आणि सेवा पुरवठादाराच्या पातळीवर केलं की कॅरिअर ग्रेड नॅट. दुधाची तहान ताकावर. त्याचा त्रास मी रोज बघतो. घरातला कॅमेरा बाहेरून दिसत नाही, गेममध्ये दुसऱ्याशी थेट जोडणी होत नाही, एकाने स्पॅम पाठवला की त्याच पत्त्यामागची बाकीची घरंही ब्लॉक होतात. खरं दूध म्हणजे आयपी व्हर्जन ६, १२८ बिटांचे पत्ते, ३४ नंतर ३७ शून्यं लिहावीत इतके. त्याचं पहिलं रूप डिसेंबर १९९५ मध्येच आलं होतं, म्हणजे मेटकाफ यांनी भाकीत केलं त्याच महिन्यात. इतक्या वर्षांत ते पूर्ण बसवलं गेलं नाही, ही मला आमच्या क्षेत्राची खरीखुरी नामुष्की वाटते. क्षमतेची काळजी करायचीच असेल तर पुरवठादाराला विचारा, व्हर्जन ६ देता का, आणि देत नसतील तर मागे लागा.

आणखी एक गोष्ट भरली होती, जी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती. १२ ऑगस्ट २०१४. जगातल्या मोठ्या राउटरांना कुठला पत्ता कोणत्या दिशेला याची पूर्ण यादी जवळ बाळगावी लागते. त्या दिवशी एका मोठ्या पुरवठादाराकडून चुकून सुमारे १५ हजार जास्तीच्या नोंदी यादीत आल्या आणि तिने ५ लाख १२ हजारांचा आकडा ओलांडला. तेव्हा वापरात असलेल्या काही जुन्या राउटरांच्या जलद मेमरीत व्हर्जन ४ साठी ठेवलेली जागा तेवढीच होती. यादी मावेना म्हणून उरलेल्या पत्त्यांचं काम राउटर साध्या प्रोसेसरवर करू लागले, आणि प्रोसेसरचे तिथे नाकी नऊ आले. आमच्याकडेही असा एक राउटर होता. केबलमध्ये भरपूर जागा, लिंकवर जेमतेम ३० टक्के ट्रॅफिक, आणि तरी काही साइट उघडतात तर काही नाहीत. दोन तास आम्ही केबलींवर संशय घेत बसलो. शेवटी लॉगमध्ये मेमरी भरल्याची ओळ सापडली. उपाय साधा होता, व्हर्जन ६ च्या वाट्याची मेमरी थोडी काढून व्हर्जन ४ ला द्यायची, पण त्यासाठी राउटर बंद करून चालू करावा लागतो, भर कामाच्या वेळी. आज ती यादी दहा लाखांच्या घरात आहे आणि चालतेय, कारण यंत्रं बदलली.

हे मुद्दाम लांबण लावून सांगितलं. “इंटरनेटची क्षमता” म्हणून एक आकडा नसतो. तारेची वेगळी, पत्त्यांची वेगळी, मेमरीची वेगळी, पोर्टची वेगळी. लोक तारेकडे बघत असतात आणि घोडं पेंड खातं दुसरीकडेच.

मार्च २०२० मध्ये सगळं जग एकदम घरी बसलं तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला होता, ते लपवत नाही. फ्रँकफर्टच्या डी-सिक्स या एक्सचेंजवर (अनेक नेटवर्क जिथे एकमेकांना जोडली जातात ते ठिकाण) १० मार्चलाच ९.१ टेराबिट प्रतिसेकंद असा तोवरचा उच्चांक झाला. युरोपियन कमिशनच्या विनंतीवरून नेटफ्लिक्सने युरोपात ३० दिवस आपला ट्रॅफिक सुमारे २५ टक्के घटवायचं ठरवलं, यूट्यूबने व्हिडिओची दर्जा-पातळी आपोआप कमी ठेवली. आणि मूळ जाळं टिकलं. याचं एक कारण बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं: नीट चालवलेलं नेटवर्क मुद्दाम निम्मं रिकामं ठेवलेलं असतं. दोन लिंक असतील तर एक तुटल्यावर दुसरीने सगळा भार उचलला पाहिजे. म्हणून गर्दीच्या वेळी लिंक ५० टक्क्यांवर गेली की आम्ही अपग्रेडची मागणी टाकतो. दुसरं कारण, सिनेमे आणि लोकप्रिय व्हिडिओ दूरवरून येतच नाहीत. त्यांच्या प्रती बहुतेकदा तुमच्या पुरवठादाराच्या इमारतीतच ठेवलेल्या सर्व्हरवर असतात. त्या महिन्यांत जे कमी पडलं ते म्हणजे घरचा अपलोड, घरचं वायफाय आणि कंपन्यांचे व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरण्याची जोडणी).

मग काचेचं काय, तिला मर्यादा नाही? आहे. १९८८ साली अटलांटिकखाली टाकलेल्या टीएटी-८ या पहिल्या ऑप्टिकल केबलमध्ये फायबरच्या एका जोडीतून २८० एमबीपीएस जात. २०१७ मध्ये टाकून झालेल्या मारेआ केबलची सुरुवातीची क्षमता आठ जोड्यांत १६० टेराबिट, म्हणजे जोडीमागे २० टेराबिट. केसाएवढ्याच जाडीच्या काचेतून सुमारे ७० हजार पट. वेगवेगळ्या रंगांचे प्रकाश एकाच काचेतून पाठवून आणि प्रकाशाच्या लहरीवर जास्त बिट चढवून हे साधलं. पण क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दाखवून दिलेली, किती डेटा जाऊ शकतो याची सीमा प्रत्येक माध्यमाला असते, आणि काचेत एक वेगळीच अडचण आहे: सिग्नल मोठा करावा म्हणून प्रकाशाची ताकद वाढवली की काच स्वतःच तो विकृत करू लागते. मे २०१५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत यावर तज्ज्ञांची बैठक झाली. वर्तमानपत्रांनी त्याचा अर्थ ८ वर्षांत इंटरनेटचा गळा आवळला जाणार, असा लावला. २०२३ उलटून गेलं. सीमा खोटी नव्हती, ती एका काचेपुरती होती. एका काचेत मावेना की शेजारी दुसरी टाकायची. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ड्युनां केबलमध्ये म्हणूनच १२ जोड्या आहेत. इथे प्रश्न पैशाचा, विजेचा आणि जहाजांच्या वेळापत्रकाचा असतो, आणि हे तिन्ही मी कमी लेखणार नाही. एआयच्या डेटा सेंटरांमुळे आज सगळ्यात आधी अपुरी पडतेय ती वीज, फायबर नव्हे.

तुमच्या घरी “नेट भरलंय” असं वाटतं तेव्हा काय झालेलं असतं ते तुम्हाला स्वतः तपासता येईल. मागच्या महिन्यात एका ओळखीच्या घरी गेलो होतो. तक्रार अशी की संध्याकाळी व्हिडिओ कॉल अडकतो, आणि पुरवठादाराने महागडा प्लॅन घ्यायला सुचवलेलं. मी लॅपटॉप केबलने राउटरला लावला आणि पिंग (एक पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) चालू ठेवला: १८ मिलिसेकंद, १९, १८. मग मुलीला म्हटलं, फोनवरच्या फोटोंचा बॅकअप सुरू कर. आकडे बघताबघता चढले. ९०, ३४०, ७१०. एकही पॅकेट हरवलं नाही. सगळी राउटरच्या बफरमध्ये (पॅकेटं थांबण्याच्या जागेत) ताटकळत होती, फोटोंच्या मागे कॉलचा आवाज रांगेत उभा. रस्ता भरलाय हे ड्रॉपवरून कळतं, असं वर सांगितलं ना? बफर फार मोठा असेल तर ड्रॉप होतच नाही, म्हणून पाठवणारा मागे सरकत नाही आणि रांग तशीच लांब राहते. याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१०-११ मध्ये हा प्रश्न चव्हाट्यावर आणला, आणि त्यावरचा एक चांगला उपाय, कोडेल, कॅथलीन निकल्स यांच्याबरोबर काढला तो पुन्हा त्याच व्हॅन जेकबसन यांनी, २०१२ मध्ये.

त्या राउटरच्या सेटिंगमध्ये रांग आटोक्यात ठेवणारा स्मार्ट क्यू असा पर्याय होता. तो चालू केला, अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ९० टक्क्यांवर ठेवली आणि बॅकअप पुन्हा सुरू करायला सांगितला. पिंग २२ ते २६ मध्ये राहिला. फोटोही जात होते, कॉलही चालू होता, प्लॅन होता तोच. तुमच्याकडे हीच चाचणी करा: आधी काहीही न चालवता पिंग, मग मोठं अपलोड चालू असताना पिंग. दोन्ही आकडे मला इथेच लिहून कळवा, राउटरचं मॉडेलही लिहा. त्यात हा पर्याय कुठे दडलेला असतो ते सांगतो.